तीन याद्यांमधली पलटण

ऱ्होड आयलंड हे अमेरिकेतलं सर्वांत छोटं राज्य. त्याच्या जुन्या सरकारी कागदांमध्ये काही माणसांची नावं तीन वेगवेगळ्या प्रकारच्या याद्यांमध्ये सापडतात.

पहिली यादी १७७८ सालची. तिच्यात माणसाचं नाव आहे, त्याच्या मालकाचं नाव आहे आणि पुढे किंमत, पौंडांमध्ये. दुसरी यादी म्हणजे पलटणीचा हजेरीपट. त्यात नाव, कंपनी, आणि शिपाई हजर आहे, आजारी आहे, कैदेत आहे की मेला आहे याची नोंद. तिसरी यादी चाळीसेक वर्षांनंतरची, पेन्शनच्या अर्जाला जोडलेली. तिच्यात म्हाताऱ्या शिपायानं शपथेवर सांगितलंय की माझ्या घरात एवढी भांडी आहेत, एवढ्या खुर्च्या आहेत, एवढं कर्ज आहे, याशिवाय माझ्याकडे काही नाही.

म्हणजे पहिल्या यादीत माणूस स्वतःच कुणाच्या तरी मालमत्तेत मोडतो आणि शेवटच्या यादीत तो स्वतःची मालमत्ता सांगतोय. मधली यादी लढाईची.

माझं पोट डेटाबेसवर चालतं. एका सिस्टिममधल्या नोंदी दुसऱ्या सिस्टिममध्ये हलवायच्या, कॉलम जुळतात का बघायचं, नाही जुळले तर का ते शोधायचं. या कामातून एक सवय लागली. कुठलीही यादी दिसली की आतल्या नोंदींच्या आधी मी कॉलमची नावं वाचतो. कॉलम आहे म्हणजे कुणाला तरी ती माहिती हवी होती. कुणाला आणि कशासाठी, हे कळलं की अर्धी गोष्ट कळते. 'हॅमिल्टन' हे म्युझिकल बघितल्यावर मी अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धावर वाचायला लागलो आणि वाचता वाचता या याद्यांशी येऊन अडकलो. ही त्या पलटणीची गोष्ट. नाव, पहिली ऱ्होड आयलंड रेजिमेंट.

आधी साधीच पलटण होती

एप्रिल १७७५ मध्ये बॉस्टनजवळ लेक्सिंग्टन आणि काँकर्डला ब्रिटिश सैनिक आणि स्थानिक शेतकरी-शिबंदी यांच्यात चकमक झाली आणि युद्धाला तोंड फुटलं. ऱ्होड आयलंडच्या विधिमंडळानं लगेच फौज उभी केली. त्यातल्या एका पलटणीचा कर्नल होता जेम्स मिचेल व्हार्नम, पेशानं वकील. ही पलटण बॉस्टनच्या वेढ्यात होती, १७७६ मध्ये न्यूयॉर्कच्या मोहिमेत होती. त्या काळी शिपाई वर्षभराच्या करारावर भरती व्हायचे, त्यामुळे दरवर्षी फौजेची नवी बांधणी व्हायची आणि पलटणीचं नावही बदलायचं. आधी व्हार्नमची पलटण, मग नववी काँटिनेंटल, मग १७७७ पासून पहिली ऱ्होड आयलंड. माणसं बरीचशी तीच, पाटी नवी.

१७७७ मध्ये कर्नल झाला ख्रिस्तोफर ग्रीन. हा क्युबेकच्या हल्ल्यात ब्रिटिशांच्या हाती सापडला होता आणि नंतर सुटून आला होता. २२ ऑक्टोबर १७७७ रोजी न्यू जर्सीत डेलावेअर नदीकाठच्या फोर्ट मर्सर या मातीच्या किल्ल्यावर हेसियन फौज चालून आली. हेसियन म्हणजे जर्मन संस्थानिकांनी ब्रिटिश राजाला भाड्यानं दिलेले सैनिक. आत ग्रीन आणि ऱ्होड आयलंडच्या दोन पलटणी होत्या, बाहेर त्यांच्या निदान दुप्पट हेसियन. किल्ला मोठा, माणसं कमी, म्हणून ग्रीननं आतल्या बाजूला नवी भिंत घालून बचावाची जागा आधीच आक्रसून घेतली होती. हेसियन बाहेरच्या मोकळ्या भागात घुसले, त्यांना वाटलं किल्ला पडला, आणि समोरून गोळीबार सुरू झाला. त्यांचे साडेतीनशेहून जास्त लोक मेले किंवा जखमी झाले. त्यांचा सेनापती कर्नल फॉन डोनोप जखमी होऊन काही दिवसांत वारला. अमेरिकन मृतांची संख्या वीसच्या आत होती.

ऱ्होड आयलंडच्या या पलटणींमध्ये तेव्हाही काही काळे आणि मूळनिवासी शिपाई होते, गोऱ्यांच्याच कंपन्यांमध्ये मिसळलेले. तसं होऊ नये असं वॉशिंग्टनला सुरुवातीला वाटत होतं. नोव्हेंबर १७७५ मध्ये त्याच्या छावणीतून हुकूम निघाला होता की काळ्यांना भरती करू नका. पण त्याच महिन्यात व्हर्जिनियाचा ब्रिटिश गव्हर्नर लॉर्ड डनमोर यानं जाहीरनामा काढला, की बंडखोरांचे जे गुलाम आमच्या बाजूनं शस्त्र धरतील ते मुक्त. गुलाम ब्रिटिशांकडे पळू लागले. वर्ष संपायच्या आत वॉशिंग्टननं हुकूम सैल केला. आधी लढलेल्या स्वतंत्र काळ्या शिपायांना पुन्हा भरती व्हायची मुभा मिळाली. गुलामांबद्दल मात्र अवाक्षर नव्हतं.

पहिली यादी: किंमत

१७७७-७८ चा हिवाळा. वॉशिंग्टनची फौज पेनसिल्व्हेनियातल्या व्हॅली फोर्जला तळ देऊन होती. त्या तळावर रोगराईनं सुमारे दोन हजार माणसं मेली. ऱ्होड आयलंडच्या दोन पलटणी नावाला दोन होत्या, माणसं मिळून एकीपुरतीही धड नव्हती.

नवी माणसं आणायची कुठून? राज्य मुळातच चिमुकलं. त्यात डिसेंबर १७७६ पासून सर्वांत मोठं बंदर न्यूपोर्ट आणि त्याचं बेट ब्रिटिशांच्या ताब्यात. तेव्हा व्हार्नम, जो आता ब्रिगेडियर झाला होता, त्यानं २ जानेवारी १७७८ रोजी वॉशिंग्टनला पत्र लिहिलं. सूचना अशी, की दोन्ही पलटणींचे उरलेले शिपाई एकत्र करून एक पलटण करू आणि मोकळे झालेले अधिकारी घरी पाठवू. ते तिथल्या निग्रोंची एक पलटण उभी करतील. वॉशिंग्टननं 'हो' लिहिलं नाही आणि 'नाही'ही लिहिलं नाही. पत्र ऱ्होड आयलंडच्या गव्हर्नरकडे पुढे सरकवलं, अधिकाऱ्यांना हवी ती मदत करा एवढं म्हणून. ऑफिसात काम केलेल्या कुणालाही ही फॉरवर्ड केलेली मेल ओळखू येईल. जबाबदारी न घेता होकार देण्याची पद्धत जुनी आहे.

फेब्रुवारीत विधिमंडळानं ठराव केला. कोणताही धडधाकट निग्रो, मुलॅटो किंवा इंडियन गुलाम युद्ध संपेपर्यंतच्या सेवेसाठी भरती होऊ शकेल. कर्नल ग्रीनसमोर तपासणीत पास झाला की त्या क्षणापासून तो मालकापासून मुक्त, कायमचा. पगार आणि भत्ते इतर शिपायांइतकेच. मालकाला सरकार भरपाई देईल, जास्तीत जास्त १२० पौंड. किंमत ठरवायला समिती. आणखी एक कलम होतं, ते पुढे लागणार आहे म्हणून इथेच सांगतो. असा शिपाई पुढे आजारानं किंवा अन्य कारणानं कमावण्यालायक राहिला नाही, तर त्याचा भार जुन्या मालकावर पडणार नाही. राज्य त्याला पोसेल.

हे राज्य गुलामगिरीच्या बाबतीत किरकोळ नव्हतं. आफ्रिकेतून माणसं उचलून आणण्याच्या उत्तर अमेरिकन धंद्यात न्यूपोर्ट आणि आसपासची बंदरं आघाडीवर होती. ऊस-काकवीपासून रम गाळायची, ती जहाजात भरून आफ्रिकेच्या किनाऱ्यावर न्यायची, तिच्या बदल्यात माणसं घ्यायची, कॅरिबियन बेटांवर विकायची आणि परत काकवी भरून आणायची. या एका छोट्या वसाहतीच्या जहाजांनी सगळा काळ मिळून लाखाच्या आसपास माणसं वाहिली असं इतिहासकार मोजतात. पश्चिमेकडच्या नॅरागॅन्सेट भागात मोठाल्या शेतीवाड्यांवर गुलाम दूधदुभतं, घोडे सांभाळत. १७७८ च्या भरतीत तिथले बरेच जण आले.

ठरावाला सहा सदस्यांनी लेखी विरोध केला. त्यांचा एक मुद्दा पैशाचा होता आणि एक संख्येचा, की एवढे गुलाम मिळणारच नाहीत. पण तिसरा मुद्दा वाचून मी थबकलो. त्यांचं म्हणणं, आपण देशाच्या स्वातंत्र्यासाठी लढतोय आणि त्यासाठी गुलामांची टोळी विकत घेतली असं जगाला दिसेल, हे आपल्याच तत्त्वांशी विसंगत आहे. तर्क बिनतोड आहे. फक्त त्यातून निघालेला निष्कर्ष 'गुलामगिरी बंद करा' असा नाही, तर 'त्यांना भरती करू नका' असा आहे.

मालक मंडळींनी भरतीच्या जागी जाऊन भीतीही घातली. तुम्हाला सगळ्यांत पुढे उभं करतील, पकडले गेलात तर वेस्ट इंडीजला नेऊन विकतील. यातली दुसरी धमकी पोकळ नव्हती हे ऐकणाऱ्यांना ठाऊक होतं.

तरी माणसं आली. उन्हाळ्याच्या तोंडावर विधिमंडळानंच दार बंद केलं, १० जून १७७८ नंतर गुलामांची भरती नाही. जेमतेम चार महिने ते उघडं होतं. तेवढ्यात नव्वदीच्या आसपास गुलाम शिपाई झाले आणि खजिनदारानं त्यांच्या मालकांच्या नावे दहा हजार पौंडांहून अधिक रक्कम मांडली. शिवाय काही आधीपासून स्वतंत्र असलेले काळे आणि नॅरागॅन्सेट जमातीचे लोकही पलटणीत आले.

यादीतली नावं वाचताना एक गोष्ट लगेच लक्षात येते. केटो, सीझर, पाँपी, प्रिन्स अशी पहिली नावं आहेत. मालकांनी थट्टेनं किंवा हौसेनं ठेवलेली, बरीचशी रोमन इतिहासातली. आडनाव मालकाचं. त्यामुळे कर्नलचं आडनाव ग्रीन आणि शिपायांमध्येही केटो ग्रीन, प्रिन्स ग्रीन, कफ ग्रीन. मधूनच एखादं नाव मात्र मालकाच्या हातून निसटलेलं आहे. 'कफ' हे पश्चिम आफ्रिकेतल्या अकान लोकांच्या 'कोफी'चं बदललेलं रूप. कोफी म्हणजे शुक्रवारी जन्मलेला मुलगा. कुणाच्या तरी आईनं किंवा आजीनं समुद्रापलीकडून आणलेला शुक्रवार खजिनदाराच्या वहीत किमतीच्या शेजारी बसलाय.

दुसरी यादी: हजेरी

भरती होऊन सहा महिनेही झाले नव्हते आणि या लोकांवर लढाई आली.

फ्रान्स १७७८ मध्ये अमेरिकेच्या बाजूनं युद्धात उतरला होता. उन्हाळ्यात फ्रेंच आरमार आणि जनरल सलिव्हनची अमेरिकन फौज मिळून न्यूपोर्ट परत घ्यायचं ठरलं. ऑगस्टमध्ये ऐन वेळी मोठं वादळ झालं, दोन्हीकडच्या जहाजांची मोडतोड झाली आणि फ्रेंच आरमार दुरुस्तीसाठी बॉस्टनला निघून गेलं. ते गेलेलं बघून शिबंदीतले हजारो लोक घरी पांगले. सलिव्हनला बेटावरून माघार घेण्यावाचून गत्यंतर नव्हतं, आणि माघार घेताना पाठीवर ब्रिटिश येणार हे उघड होतं.

२९ ऑगस्ट १७७८ ला ते आले. अमेरिकन उजव्या बाजूला पहिल्या ऱ्होड आयलंडचा मातीचा मोर्चा होता. त्या दिवशी पलटणीची सूत्रं मेजर सॅम्युएल वॉर्डकडे होती. हेसियनांनी तीनदा चढाई केली आणि तिन्ही वेळा त्यांना मागं रेटण्यात आलं. समोरचे सैनिक युरोपात तयार झालेले, पेशेवर. मोर्च्यातले बरेचसे लोक मार्चमध्ये कुणाच्या तरी गाई राखत होते. उजवी बाजू टिकली, ३० तारखेच्या रात्री सगळी फौज होड्यांमधून बेटाबाहेर सुखरूप निघाली. सलिव्हननं नंतर हुकमात लिहिलं की दिवसाच्या मानात या पलटणीचा रास्त वाटा आहे.

या लढाईभोवती नंतर खूप सजावट झाली आहे. सैन्य या एका पलटणीनं वाचवलं, वगैरे. मला ती नको वाटते. पलटण दोनशेच्या आसपास माणसांची होती, उजव्या बाजूला इतरही पलटणी होत्या. हे लोक उभे राहिले, पळाले नाहीत, आणि शेजारी लढणाऱ्यांना त्यांच्यावर विसंबता आलं, एवढं पुरेसं आहे. चार महिन्यांच्या कवायतीनंतर एवढं करणं कुठल्याही फौजेत मोठंच धरतात.

त्यानंतरची वर्षं हजेरीपटात रटाळ दिसतात. किनाऱ्यावर पहारा, हिवाळी तळ, आजारपण. इथे एक फरक ठळक होतो. गोरे शिपाई बहुतेक ठरावीक मुदतीचे होते. काही महिने, वर्ष, तीन वर्षं. मुदत संपली की घर. गुलामीतून आलेल्यांची मुदत 'युद्ध संपेपर्यंत'. युद्ध आणखी पाच वर्षं चाललं. मुक्ती भरतीच्या दिवशी मिळाली, पण तिचा उपभोग घ्यायला पाच वर्षं बराकीबाहेर पडता आलं नाही. त्यातही सगळे अधिकारी गोरे. काळ्या शिपायाला बढतीची वाट नव्हती.

१ जानेवारी १७८१ ला राज्याच्या दोन पलटणी एक करण्यात आल्या. काळ्या शिपायांच्या कंपन्या वेगळ्या ठेवल्या गेल्या. त्याच मे महिन्यात न्यूयॉर्कच्या उत्तरेला क्रोटन नदीवरच्या पाइन्स ब्रिजपाशी पलटणीची ठाणी होती. १४ मेच्या पहाटे ब्रिटिशनिष्ठ अमेरिकनांची एक टोळी नदी उतरून आली. उतारावरचा पहारा उजाडताना उठवायची पद्धत होती आणि टोळीला ती ठाऊक होती. मेजर फ्लॅग मारला गेला. कर्नल ग्रीन जखमी अवस्थेत ओढून नेला गेला आणि त्याचं प्रेत नंतर काही अंतरावर छिन्नविच्छिन्न सापडलं. काही शिपाई मेले, काही कैद झाले. काळ्यांचं नेतृत्व करतो म्हणून ग्रीनचे हाल केले असं त्या काळापासून बोललं जातं. त्याच्या शिपायांनी त्याच्याभोवती कडं करून शेवटच्या माणसापर्यंत प्राण दिले, अशीही गोष्ट रूढ आहे. हजेरीपट मात्र पुढच्या महिन्यातही याच लोकांची नावं दाखवतात. ते जगले, आणि त्यांचा नवा प्रमुख झाला जेरेमाया ऑल्नी.

दोन महिन्यांनी, जुलै १७८१ मध्ये, फ्रेंच सेनापती रोशांबोचा एक तरुण सहायक, फॉन क्लोझेन, अमेरिकन फौजेची पाहणी करत होता. बहुतेक शिपायांच्या अंगावर धड कपडे नाहीत असं त्याला दिसलं. ऱ्होड आयलंडची पलटण मात्र सगळ्यांत नीटनेटकी, शस्त्रांनी सज्ज आणि कवायतीत अचूक, असं त्यानं रोजनिशीत लिहून ठेवलं. तिच्यात तीन चतुर्थांश काळे आहेत असा त्याचा समज झाला. पलटणी एकत्र झाल्यानंतर गोरे शिपाईही बरेच होते, त्यामुळे प्रमाण तेवढं नसावं. पण त्याच्या डोळ्यांत कोण भरलं ते त्या आकड्यातून कळतं.

यॉर्कटाऊन

सप्टेंबरमध्ये ही पलटण व्हर्जिनियातल्या यॉर्कटाऊनला पोचली. लॉर्ड कॉर्नवॉलिस तिथे समुद्राला पाठ लावून बसला होता आणि समुद्रात फ्रेंच आरमार होतं. १४ ऑक्टोबरच्या रात्री दोन मोर्च्यांवर एकाच वेळी हल्ला झाला. नऊ नंबरवर फ्रेंच, दहा नंबरवर अलेक्झांडर हॅमिल्टनच्या हाताखाली अमेरिकन. बंदुका भरायच्या नाहीत, फक्त संगिनी, असा हुकूम होता. दहा नंबरवर आघाडीला कॅप्टन स्टीफन ऑल्नीची ऱ्होड आयलंडची हलकी कंपनी होती. मोर्चा काही मिनिटांत पडला. १९ ऑक्टोबरला ब्रिटिश फौजेनं शस्त्रं खाली ठेवली. आजाराचं कारण सांगून कॉर्नवॉलिस स्वतः आलाच नाही.

त्या वेढ्यात असलेल्या द व्हर्जे नावाच्या एका फ्रेंच अधिकाऱ्यानं जलरंगात काही अमेरिकन सैनिक रंगवले. त्यांतला एक काळा आहे, पांढऱ्या कपड्यांत, हातात बंदूक. हा ऱ्होड आयलंडच्या पलटणीतला. हे चित्र आजही तिथल्याच ब्राऊन विद्यापीठाच्या संग्रहात आहे. त्या शिपायाचं नाव चित्रावर नाही.

यॉर्कटाऊनबद्दल सहसा इथे टाळ्या पडतात आणि पडदा पडतो. पण पुढे वाचत गेलं की बरं वाटत नाही. व्हर्जिनियातले हजारो गुलाम मुक्तीच्या आशेनं ब्रिटिशांकडे पळून आले होते. वेढ्यात धान्य संपत आलं आणि देवीची साथ पसरली, तेव्हा कॉर्नवॉलिसनं त्यांना मोर्च्यांबाहेर हाकलून दिलं. जंगलात, दोन फौजांच्या मधल्या जागेत ते पडून मेले. जे वाचले त्यांचं काय? विजयानंतर वॉशिंग्टनच्या हुकमानं त्यांना गोळा करून मालकांच्या हवाली करायची व्यवस्था झाली. ते जहाजांवर चढून निसटू नयेत म्हणून बंदोबस्त ठेवला गेला.

त्याच मैदानात पहिल्या यादीतले शिपाई उभे होते. तीन-साडेतीन वर्षांपूर्वी त्यांच्यापुढेही दोन रस्ते होते, ब्रिटिशांकडे पळायचं की बंडखोरांच्या पलटणीत जायचं. गुलाम म्हणून ज्यांनी दुसरा रस्ता धरला ते गणवेशात उभे होते. पहिला रस्ता धरलेले मालकांकडे परत जात होते. कुणी चुकीचा पक्ष निवडला होता असं मला म्हणवत नाही. दोघांना हवं होतं ते एकच. कुठल्या राज्यात, कुठल्या महिन्यात, कुणाच्या घरी तुम्ही गुलाम होतात, यावर बाकी सगळं ठरलं.

कॉर्नवॉलिसचं पुढे काही बिघडलं नाही. १७८६ मध्ये तो गव्हर्नर-जनरल होऊन कलकत्त्याला उतरला. १७९२ मध्ये श्रीरंगपट्टणला टिपूला वेढा घालताना हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन यांच्या मराठी फौजा त्याच्याच बाजूला होत्या. पुढे १८०५ मध्ये तो गाझीपूरला वारला, त्याची कबर तिथेच आहे. आपल्या शाळेच्या पुस्तकात तो कायमधारा पद्धतीचा कॉर्नवॉलिस म्हणून येतो. यॉर्कटाऊनला हरलेला माणूस तोच, हे दोन वेगळ्या धड्यांमध्ये असल्यानं बहुतेकांच्या लक्षात येत नाही.

शेवटची मोहीम, घरी वाट

यॉर्कटाऊननंतरही तह व्हायला दोन वर्षं गेली आणि 'युद्ध संपेपर्यंत'वाले शिपाई अडकून राहिले. फेब्रुवारी १७८३ मध्ये, तहाची बोलणी जवळपास झालेली असताना, त्यांना न्यूयॉर्कच्या उत्तरेकडे ऑन्टारियो सरोवराकाठच्या ऑस्वीगोच्या ब्रिटिश किल्ल्यावर बर्फातून अचानक छापा घालायला पाठवण्यात आलं. वाटाड्या चुकला, पहाट झाली, छाप्याची वेळ निघून गेली. एकही गोळी न झाडता फौज परत फिरली. परतीच्या वाटेवर हिमदंशानं अनेकांच्या पायाची बोटं गेली. पाच वर्षांच्या सेवेतलं सर्वांत निरर्थक काम, आणि शरीरावर कायमची खूण त्याचीच राहिली.

जून १७८३ मध्ये साराटोगा इथे पलटण मोडली. ऑल्नीनं निरोपाच्या हुकमात शिपायांचं शौर्य आणि सहनशीलता यांची तारीफ केली. पगार बाकीच होता. काँग्रेसकडे रोकड नव्हती, म्हणून फौजेला 'नंतर देऊ' असे कागद मिळाले. पोट भरायला अनेकांनी ते सावकारांना मिळेल त्या भावानं विकले. ऑल्नी पुढे अनेक वर्षं आपल्या जुन्या काळ्या शिपायांसाठी दाखले लिहून देत राहिला, हा माणूस माझ्या पलटणीत होता, याचं देणं द्या. नाहीतर मालकाचं आडनाव लावणारा, लिहिता न येणारा माणूस आपण आपणच आहोत हे कुणाला पटवून देणार होता?

तिसरी यादी: भांडी

१७८४ मध्ये ऱ्होड आयलंडनं क्रमाक्रमानं मुक्तीचा कायदा केला. १ मार्च १७८४ नंतर गुलाम आईच्या पोटी जन्मलेलं मूल गुलाम राहणार नाही. आधी जन्मलेल्यांना तो लागू नव्हता. म्हणजे शिपाई स्वतः मुक्त, पण त्याची बायको आणि युद्धापूर्वी झालेली मुलं दुसऱ्याची मालमत्ता, असं घर शक्य होतं आणि कायदेशीर होतं.

१८१८ मध्ये अमेरिकन काँग्रेसनं गरजू माजी सैनिकांसाठी पेन्शन सुरू केली. अर्ज एवढे आले की १८२० मध्ये नवी अट घातली, गरीब असल्याचं सिद्ध करा. त्यासाठी घरातल्या वस्तूंची शपथेवर यादी. ही ती तिसरी यादी. गोऱ्या शिपायांनाही ती द्यावी लागली, तेव्हा हा अपमान खास काळ्यांसाठी नव्हता. पण ज्याचं नाव एकेकाळी अशाच यादीत वस्तूंच्या जागी होतं, त्यानं आता वरच्या ओळीत नाव घालून खाली आपल्या वस्तू सांगायच्या, यात काही वेगळंच आहे. १७७८ च्या कायद्यात लिहिलं होतं की हे लोक थकले तर राज्य त्यांना पोसेल. म्हातारपणी त्यांना न्यायाधीशापुढे उभं राहून आपण थकलोय हे मोजून दाखवावं लागलं.

तोवर बाहेर वातावरण बदललं होतं. १८२२ मध्ये ऱ्होड आयलंडनं कायदा करून मतदान गोऱ्या पुरुषांपुरतं ठेवलं. तोपर्यंत निदान कागदावर तरी मालमत्तेची अट पुरी करणारा काळा माणूस मत देऊ शकत होता. १८२४ मध्ये प्रॉव्हिडन्स शहरात एका गोऱ्या जमावानं काळ्यांच्या वस्तीतली घरं पाडली. तेव्हा यॉर्कटाऊनचे काही शिपाई हयात होते.

मतदानाचा हक्क १८४२ च्या राज्यघटनेनं परत आला. तोही राज्यातल्या गोऱ्यांच्याच दोन गटांमध्ये संघर्ष पेटला होता आणि सरकारी गटाला काळ्यांची साथ हवी होती तेव्हा. त्यांनी साथ दिली, बंडाच्या दिवसांत शहरात गस्त घातली आणि बदल्यात मत मिळवलं. व्यवहाराची रीत १७७८ चीच होती. गरज पडली की दार उघडायचं. फरक इतकाच, की या वेळी आत आलेल्यांनी दार पुन्हा बंद होऊ दिलं नाही. १८४२ मध्ये ज्यांनी गस्त घातली ती पुढची पिढी होती. बाप-आजोबांना पाच वर्षांच्या लढाईनंतर काय मिळालं आणि काय नाही, हे त्यांना घरातच ऐकायला मिळालं असणार.

या तीन याद्यांपैकी एकही शिपायांनी स्वतः लिहिलेली नाही. पहिली खजिनदारानं लिहिली, पैसे कुणाला द्यायचे ते कळावं म्हणून. दुसरी कंपनीच्या कारकुनानं, शिधा किती लागेल ते कळावं म्हणून. तिसरी कोर्टातल्या लेखनिकानं, पेन्शन नाकारता येते का ते बघावं म्हणून. 'भरती का झालास' असा कॉलम तिघांतल्या एकाकडेही नाही. पण तिसऱ्या यादीच्या तळाशी सहीची जागा आहे, आणि ज्यांना लिहिता येत नव्हतं त्यांनी तिथे फुली मारली आहे. पहिल्या यादीत तशी जागाच नव्हती, तिथे सही मालकाची लागायची.